नोत्र दामचं छत: ओल्या ओकचा निर्णय आणि त्यामागची कारणं

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला २०१९ मध्ये लागलेल्या आगीबद्दल भरपूर लिहिलं गेलं, पण त्यातलं बरंचसं मनोऱ्याभोवती फिरत राहिलं. या प्रकरणात मनोरा बाजूला ठेवला आहे. प्रश्न एवढाच घेतला आहे: मुख्य दालन आणि वेदीचं दालन यांच्या डोक्यावर असलेला तेराव्या शतकातला लाकडी सांगाडा जळून गेल्यावर तो परत कशाचा, कसा आणि किती हुबेहूब बांधायचा, हे कसं ठरलं? ठिकाण लपवण्यात अर्थ नव्हता. काम करणाऱ्या व्यक्ती आणि कार्यशाळा यांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत.

पार्श्वभूमी

गॉथिक, म्हणजे उंच टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या चर्चला दोन छतं असतात. खाली उभं राहून वर पाहिलं की दिसते ती दगडी कमानींची घुमटी. तिच्या वर एक अंधारा माळा असतो आणि माळ्यावर उताराचं लाकडी छत. पाऊस अंगावर घेतं ते हे वरचं छत. दगडी घुमटी जागोजागी जेमतेम १५ सेंमी जाडीची, तिच्या सांध्यांत चुना. तिच्यावर थेट पाऊस पडू लागला तर चुना धुऊन जाईल. उलट वर आग लागली तर तीच घुमटी खालच्या दालनाचं छत्र होते. दोन्ही छतं एकमेकांची राखण करतात. १५ एप्रिलच्या रात्री दुसरी गोष्ट घडली: लाकूड गेलं, पण घुमटी बहुतेक ठिकाणी टिकली. मनोरा कोसळला तिथे आणि आणखी दोन जागी मात्र तिला भोकं पडली.

जळालेल्या सांगाड्याचा उतार सुमारे ५५ अंशांचा, उंची १० मीटरच्या आसपास आणि रुंदी १३ मीटर. वरून ५ मिमी जाडीचे शिशाचे पत्रे, एकूण वजन २१० टन. वेदीच्या दालनावरचा भाग साधारण १२२० च्या आगेमागे उभा राहिला आणि त्यात बाराव्या शतकातल्या आधीच्या छताचं थोडं लाकूड पुन्हा वापरलं होतं. मुख्य दालनावरचा भाग त्यानंतरचा. मुख्य दालनाला काटकोनात छेदणाऱ्या आडव्या दालनाचं छत आणि मनोरा मात्र एकोणिसाव्या शतकातले, तेव्हा कॅथेड्रलचा जीर्णोद्धार करणाऱ्या व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या काळचे. एकाच छताखाली हे दोन काळ नांदत होते, ही गोष्ट पुढे निर्णय घेताना महत्त्वाची ठरली.

बांधणीची पद्धत समजून घेतली नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू. दर काही अंतरावर एक मुख्य कैची, म्हणजे छत पेलणारी त्रिकोणी लाकडी चौकट असते. तिच्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणारी तुळई, दोन वासे, वासे बांधून ठेवणारे आडवे दांडे आणि मधोमध एक खांब. हा खांब तुळईवर उभा आहे असं वाटतं, पण खरं तर तो वरून लोंबतो. दोन्ही वासे शेंड्याला त्याला चिमटीत धरतात आणि तो तुळईला वर उचलून धरतो, म्हणजे १३ मीटरची तुळई स्वतःच्या वजनानं मध्ये झोळत नाही. मुख्य कैच्यांच्या मधल्या दुय्यम कैच्यांना अशी पूर्ण तुळई नसते. त्यांच्या वाशाचा पाय भिंतीच्या माथ्यावर आडव्या टाकलेल्या आखूड ठोकळ्यावर बसतो. ठोकळ्याच्या आतल्या टोकावर एक छोटा उभा टेकू असतो, तो वाशाला जाऊन मिळतो, आणि पायापाशी एक लहान त्रिकोण तयार होतो.

तुळई नाही म्हणजे या मधल्या जोड्या भिंतीला बाहेर ढकलणार. हा रेटा लांबीनं टाकलेल्या लाकडांमार्फत शेजारच्या मुख्य कैचीकडे नेला जातो आणि तिची तुळई तो ताणात पेलते. सगळ्याच कैच्यांना तुळया दिल्या असत्या तर लांब लाकूड कितीतरी जास्त लागलं असतं आणि वजनही वाढलं असतं. भिंतीची उंची आणि पातळपणा पाहिला की हा हिशेब किती काटेकोर होता ते लक्षात येतं.

अडचण

आगीनंतर लगेचच एक वाक्य फिरलं: फ्रान्समध्ये आता तेवढी मोठी झाडं उरलेली नाहीत. ते ऐकायला पटण्यासारखं होतं. या माळ्याला लोक ‘जंगल’च म्हणत, आणि प्रत्येक तुळईसाठी एकेक पुराणवृक्ष पडला असेल अशी समजूत रूढ होती. मध्ययुगीन लाकूडकामाच्या अभ्यासकांनी लवकरच दाखवून दिलं की चित्र उलटं आहे. त्यांच्या हिशेबानं तेराव्या शतकातल्या या सांगाड्याला हजाराच्या आसपास ओक लागले. त्यांपैकी सुमारे ९७ टक्के झाडं २५ ते ३० सेंमी व्यासाची आणि जास्तीत जास्त १२ मीटर उंचीची होती. उरलेली सुमारे ५० सेंमी व्यासाची. साठेक वर्षांची, दाटीत सरळ वाढलेली ही झाडं काही मोजक्या हेक्टरांत मिळाली असती.

म्हणजे झाडं होती. अडचणी वेगळ्याच होत्या.

पहिली, पुराव्याची. जळालेली वस्तू हुबेहूब बांधायची तर ती कशी होती याची नोंद हवी. २०१० मध्ये कॅथेड्रलचं लेझर स्कॅनिंग झालं होतं, त्यात अब्जावर बिंदू होते. पण लेझर दिसतो तेवढाच पृष्ठभाग टिपतो. खाचेच्या आत कुसू (खाचेत बसणारं, जिभेसारखं कापलेलं लाकडाचं टोक) किती खोल गेला आहे, खुंटी कोणत्या बाजूनं ठोकली आहे, कोणता तुकडा मूळचा आणि कोणता नंतरच्या दुरुस्तीतला, हे त्यातून कळत नाही. ते कळलं २०१४ च्या मोजणीतून. दोन वास्तुविशारदांनी माळ्यात उतरून कैचीमागून कैची हातानं मोजली होती आणि त्यावर २०१६ मध्ये लेखही प्रसिद्ध झाला होता. आगीच्या वेळी त्या मोजणीला पाच वर्षंही पुरती झाली नव्हती.

दुसरी, हातांची. रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं ओंडका चौकोनी तासणारे सुतार किती उरले आहेत?

तिसरी, वेळेची. आगीच्या दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी पाच वर्षांची मुदत जाहीर करून टाकली. तोवर भिंती उभ्या राहतील की नाही हेही ठरलेलं नव्हतं. मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी उभारलेली लोखंडी परांची, जवळपास ४०,००० नळ्या आणि २०० टन वजन, आगीत वितळून एकमेकांत गुंतली होती. ती काढायला २०२० चा जून ते नोव्हेंबर लागला.

चौथी अडचण कमी बोलली गेली. छताचं वजन ही निव्वळ डोकेदुखी नसते. भिंतीच्या माथ्यावर ते उभं दाबतं, त्यामुळे घुमटीचा बाहेरचा रेटा आणि वाऱ्याचा झोत सोसायला भिंतीला मदत होते. छत गेलं आणि हे संतुलन बिघडलं. म्हणून बाहेरच्या आधार-कमानींखाली लाकडी चौकटी बसवाव्या लागल्या. पुढे जे काही वर चढवायचं, ते जुन्या वजनाच्या फार खाली किंवा फार वर असणं परवडणारं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

काँक्रीट आणि लोखंड हे पर्याय हवेतले नव्हते. फ्रान्समध्येच दोन्हींची उदाहरणं उभी आहेत. शार्त्र शहरातल्या कॅथेड्रलचं लाकडी छत १८३६ मध्ये जळालं, त्यावर लोखंडी सांगाडा आणि तांब्याचे पत्रे आले. रॅंसच्या कॅथेड्रलचं छत सप्टेंबर १९१४ मध्ये तोफखान्याच्या माऱ्यात गेलं. आंरी दनो या वास्तुविशारदानं तिथे साच्यात ओतलेल्या लहान लहान काँक्रीट तुकड्यांचा हलका सांगाडा रचला. नांतच्या कॅथेड्रलचं छत १९७२ मध्ये जळाल्यावर तिथेही काँक्रीट आलं. जुलै २०२० मध्ये त्याच नांतच्या चर्चमध्ये पुन्हा आग लागली, ऑर्गन जळाला, पण छत वाचलं. पॅरिसचा निर्णय होत होता त्याच महिन्यात ही घटना घडली, त्यामुळे काँक्रीटच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं सहज झटकून टाकण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधलं यॉर्क मिन्स्टर हे कॅथेड्रल. तिथल्या दक्षिणेकडच्या आडव्या दालनाचं छत जुलै १९८४ मध्ये जळालं आणि १९८८ पर्यंत ते पुन्हा ओकमध्येच बांधलं गेलं.

लाकूडच म्हटलं तरी तीन वाटा होत्या. एक, फळ्या चिकटवून केलेल्या तुळया: सरळ, कोरड्या, हिशेबाला सोप्या. दोन, जुन्याच मापाचे पण करवतीनं कापलेले ओक. तीन, जुन्यासारखेच लहान व्यासाचे ओंडके, ओले असतानाच कुऱ्हाडीनं तासलेले.

सरकारनं १७ एप्रिल २०१९ ला मनोऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली आणि वर्षभर काचेचे, बागेचे, पोहण्याच्या तलावाचेही आराखडे वर्तमानपत्रांत झळकत राहिले. त्यांच्या गुणदोषांत शिरत नाही. पण तोवर सांगाड्याचा प्रश्नही अधांतरी राहिला, कारण वर काय बसणार हे ठरल्याशिवाय खालची गणितं पुढे सरकत नाहीत.

निर्णय कशावर फिरला

९ जुलै २०२० रोजी वारसा आणि वास्तुकलेच्या राष्ट्रीय आयोगानं ‘जसं होतं तसं’ बांधण्याच्या बाजूनं कौल दिला: मनोरा, सांगाडा, शिसं, सगळंच. या निर्णयाकडे भावनेचा विजय म्हणून पाहिलं जातं. आमच्या मते त्याला ठोस आधार होता तो कागदांचा. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, जीर्णोद्धाराची मर्यादा सांगितली आहे: जिथे तर्क सुरू होतो तिथे थांबा. नोत्र दामच्या बाबतीत २०१४ ची मोजणी होती म्हणून तर्काची गरजच उरली नाही. ती नसती तर ‘हुबेहूब’ याचा अर्थ ‘साधारण तेराव्या शतकासारखं’ असा झाला असता, आणि मग काँक्रीटवाल्यांचा मुद्दा जास्त प्रामाणिक ठरला असता.

खरं अवघड वळण यानंतर आलं. लाकूड ठरलं, पण करवत की कुऱ्हाड? हा माळा कुणाला दिसणार नाही, मग हातानं तासण्याचा खटाटोप कशाला, असा सरळ प्रश्न विचारला गेला. त्याचं उत्तर लाकडाच्या दोऱ्यात, म्हणजे उभ्या तंतूंत आहे.

२८ सेंमी व्यासाचा ओंडका घ्या. त्यातून निघणारा सर्वांत मोठा चौरस साधारण २० सेंमी बाजूचा. म्हणजे झाडाचा गाभा तुळईच्या मधोमध येतो आणि कोपऱ्यांत सालीखालचं कोवळं लाकूड राहतं. ओंडका थोडा वाकडा असेल तर कुऱ्हाड त्या वाकाबरोबर चालते, दोरे टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. करवतीला वाक कळत नाही. ती सरळ रेषेत जाते, दोरे आडवे कापते, आणि तुळई कमजोर होते ती नेमकी तिथेच, कारण ताण आला की दोरा जिथे पृष्ठभागावर बाहेर पडतो तिथून चीर धरते. करवतीनं हे टाळायचं तर बराच जाड आणि सरळ वृक्ष घ्यायचा, त्याला उभं चिरायचं आणि गाभा टाळून तुकडे काढायचे. म्हणजे मग खरोखरच मोठी झाडं लागतात! शिवाय गाभा बाजूला पडलेला तुकडा सुकताना एका बाजूला जास्त आक्रसतो आणि पीळ खातो. गाभा मध्ये असलेली तुळई सुकताना एका बाजूनं गाभ्यापर्यंत उभी तडकते, दिसायला भयंकर दिसते, पण सरळ राहते.

दुसरा आक्षेप ओल्या लाकडाचा. आपल्याकडे दाराच्या चौकटीला ओलं सागवान आणून दिलं तर सुतार हात लावणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. दाराला मिलिमीटरची फट चालत नाही. छताच्या कैचीचं गणित निराळं. ओक साधारण वर्षाला अडीच सेंमी जाडी या बेतानं सुकतो, म्हणजे २० सेंमीची तुळई सुकायला आठेक वर्षं लागतील. तेवढं थांबलं तर तो इतका टणक होतो की कुऱ्हाड नुसती उसळते. म्हणून मध्ययुगातले सुतार झाड पाडायचे, काही महिन्यांतच तासून वर चढवायचे, आणि जागेवर सुकू द्यायचे.

हातांच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर देता येत नव्हतं, म्हणून ते प्रत्यक्ष दाखवण्यात आलं. सप्टेंबर २०२० मध्ये वारसा दिनांच्या सुमारास, हातानं काम करणाऱ्या सुतारांच्या एका संघटनेनं मुख्य दालनाची सातव्या क्रमांकाची कैची पूर्ण मापात बांधून कॅथेड्रलसमोरच्या पटांगणात उचलून दाखवली. त्या एका कैचीनं अहवालांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त शंका मिटवल्या. असे हात फ्रान्समध्ये तयार होते यामागे बर्गंडीतल्या गेदलों या जागेचाही वाटा आहे. तिथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या साधनांनी एक किल्ला बांधला जात आहे, आणि तिथे घडलेले सुतार पुढे या कामावर आले.

प्रत्यक्ष काम

मनोरा आणि आडव्या दालनासाठीचे सुमारे हजार ओक २०२१ च्या मार्चपर्यंत, झाडात रस चढायच्या आत पाडले गेले. ते करवतीनं कापून बारा ते अठरा महिने सुकवले, कारण एकोणिसाव्या शतकातलं मूळ कामही करवतीचंच होतं आणि तिथले छेद मोठे होते. जुन्या दोन दालनांसाठीचं लाकूड नंतर निवडलं गेलं आणि ओलंच वापरलं. एकाच छतावर दोन पद्धती चालवणं व्यवस्थापनाच्या दृष्टीनं त्रासाचं होतं, पण ते योग्यच होतं.

झाडाची निवड रानातच झाली. हातात तुकड्यांची यादी: लांबी, छेद, वाक हवा की नको. उभ्या झाडाकडे पाहून ते कोणत्या तुकड्याच्या कामाचं ते ठरायचं. मग तासणी. ओंडका लाकडी घोड्यांवर (तिवयांवर) ठेवून लोखंडी आकड्यांनी घट्ट करायचा. दोन्ही टोकांच्या तोंडावर ओळंब्यानं उभी रेघ मारून त्यावर चौरस आखायचा. टोकापासून टोकापर्यंत सूत मारायचं. साध्या कुऱ्हाडीनं ठराविक अंतरावर रेषेपर्यंत खाचा पाडायच्या आणि मधले ढलपे फोडून काढायचे. मग रुंद पात्याची, एका बाजूनं सपाट असलेली कुऱ्हाड घेऊन रेषेवर उभी तासणी करायची. खाच एकदा रेषेच्या पलीकडे गेली की ती जखम तुळईवर कायम राहते, म्हणून नवख्या माणसाला पहिल्या टप्प्यावर जपून ठेवावं लागतं. या कामासाठी साठेक कुऱ्हाडी घडवून घेतल्या होत्या. पात्याची ठेवण जुन्या तुळयांवर दिसणाऱ्या घावांच्या खुणांशी जुळावी हा हेतू.

अशा तुळया एकमेकींसारख्या नसतात, म्हणून माप टेपवरून घेऊन खाच पाडता येत नाही. कार्यशाळेच्या जमिनीवर कैचीचं खऱ्या मापाचं रेखाचित्र काढतात. त्यावर तुकडे एकावर एक रचून पातळीत आणतात. मग ओळंबा सोडून एका लाकडाचा खरा, वेडावाकडा पृष्ठभाग दुसऱ्यावर उतरवून घेतात आणि त्या रेषेवर कुसू आणि खाच कापतात. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना सुताराची खूण कोरतात. या सांध्यातला तुकडा दुसऱ्या सांध्यात बसतच नाही. दुय्यम कैच्याही एकेक करून वेगळ्या काढाव्या लागतात, कारण मूळ कैच्यांतल्या फरकांचीही नोंद होती आणि ते फरक तसेच ठेवायचे होते.

खुंटीचं काम बारकाईनं बघण्यासारखं आहे. खाचेच्या दोन्ही गालांतून आरपार भोक पाडतात. कुसूवरचं भोक मात्र त्याच रेषेत न पाडता खांद्याच्या, म्हणजे कुसूच्या मुळाच्या बाजूला दोन-तीन मिमी सरकवतात. मग कोरड्या ओकची, दोऱ्याबरोबर फाडून काढलेली खुंटी ठोकली की ती किंचित वाकते आणि कुसूला आत ओढून सांधा घट्ट करते. सरक कमी ठेवली तर लाकूड सुकल्यावर सांधा ढिला पडतो. जास्त ठेवली तर खुंटी मोडते किंवा कुसूचं टोक फाटतं. खुंटी कोरडी हवी हे पक्कं, कारण ओली खुंटी सांध्याबरोबरच आक्रसते आणि तिच्या असण्याला अर्थ उरत नाही.

अख्ख्या कैच्या आधी कार्यशाळेत तात्पुरत्या जुळवून पाहिल्या. जुलै २०२३ मध्ये पहिल्या मोठ्या त्रिकोणी कैच्या, प्रत्येकी सुमारे सात टनांच्या, सेन नदीतून बार्जवर आल्या आणि क्रेननं वर गेल्या. ओला ओक घनमीटरला हजार किलोच्या घरात भरतो, कोरडा सातशेच्या. उचलण्याची गणितं ओल्या वजनानं करायची, आणि भिंतीवर शेवटी येणारं वजन कोरड्याचं. हा फरक विसरला की दोन्हीकडचे आकडे चुकतात.

परिणाम

वेदीच्या दालनाचा सांगाडा १२ जानेवारी २०२४ ला आणि मुख्य दालनाचा ८ मार्च २०२४ ला पुरा झाला. मनोऱ्याच्या टोकावरची कोंबड्याची नवी आकृती १६ डिसेंबर २०२३ लाच चढली होती. कॅथेड्रल ७ डिसेंबर २०२४ ला उघडलं. सगळ्या छताला मिळून सुमारे दोन हजार ओक लागले.

हुबेहूब असलं तरी एक गोष्ट जाणूनबुजून बदलली: आगीचा बंदोबस्त. माळ्यात पाण्याचा बारीक फवारा सोडणारी यंत्रणा आली, उष्णता ओळखणारे कॅमेरे आले, आणि आडव्या दालनाच्या सीमेवर आग अडवणाऱ्या बंद कैच्या आल्या. त्यामुळे एका भागातली आग शंभर मीटर मोकळी धावत सुटणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा आगीच्या आधीची होती. टणक लाकडाची तुळई आगीत मिनिटाला साधारण अर्धा मिमी जळते. अर्ध्या तासात प्रत्येक बाजूनं दीड सेंमी, म्हणजे २० सेंमीची तुळई तेवढ्यानं पडत नाही. माळा जातो तो जाडजूड लाकडामुळे कमी आणि पातळ फळ्या, साचलेली धूळ आणि एकसंध मोकळ्या जागेमुळे जास्त. त्या संध्याकाळी सहा-वीसच्या सुमारास पहिला इशारा मिळाला. पण पहारेकऱ्याला तो कोणत्या माळ्याचा हे नीट समजलं नाही आणि तो दुसऱ्याच इमारतीच्या माळ्यावर गेला. आग प्रत्यक्ष दिसेपर्यंत जवळपास अर्धा तास गेला. इशारा देणारं यंत्र होतं, तो वाचणारा माणूस होता, पण पडद्यावरचा सांकेतिक क्रमांक आणि इमारतीतला जिना यांची सांगड घालणारा साधा नकाशा आणि सराव कमी पडला. माळ्याचे भाग पाडणारी मधली आडवी भिंत घालायला तर कोणत्याही शतकात अडचण नव्हती.

शिशाचा निर्णय आम्हाला सर्वांत वादग्रस्त वाटतो. ते ३२७ अंशांना वितळतं. जुलै २०१९ मध्ये शिशाच्या धुळीमुळेच काम काही आठवडे बंद ठेवावं लागलं होतं. तरी ‘जसं होतं तसं’ या सूत्रात शिसंही आलं. सांगाड्यासाठी हे सूत्र पुराव्यावर उभं होतं. शिशाच्या बाबतीत आरोग्याचा प्रश्न वेगळा काढून तपासता आला असता. नुसत्या सुतारकामाच्या अंगानंही एक धोका आहे: ओल्या ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते आणि ती शिशाला खालून खाते. म्हणून अशा छतात पत्र्याखाली हवा खेळती हवीच.

मुदतीबद्दल मतं दोन आहेत. पाच वर्षांचा आकडा अभ्यासाविना जाहीर झाला हे खरं. पण मुदत ओल्या लाकडाच्या बाजूनंच गेली, कारण कोरड्या लाकडाची वाट बघायला वेळच नव्हता. मनोऱ्याच्या स्पर्धेत गेलेलं वर्ष मात्र टाळता येण्यासारखं होतं. सांगाड्याचा निर्णय मनोऱ्यापासून वेगळा करून मोजणीच्या आधारे २०१९ अखेरच घेतला असता, तर जुन्या दालनांसाठीची झाडं एक हिवाळा आधी निवडता आली असती.

मोजणीचा धडा इतर चर्चना लागू आहे. हातानं, सांधेनिहाय मोजणीला एका दुरुस्तीच्या परांचीएवढाही खर्च येत नाही, आणि ती करायची वेळ म्हणजे छताखाली परांची आधीच उभी असते तेव्हा.

आता उरलं ते सुकणं. पुढची आठ-दहा वर्षं या तुळया रुंदीत अर्धा ते एक सेंटीमीटर आक्रसतील, तडकतील, आणि तडकताना आवाजही करतील. दरवर्षी बघायच्या गोष्टी मोजक्या: मुख्य कैच्यांच्या तुळयांच्या टोकाचे सांधे उघडत आहेत का, खुंट्या बाहेर सरकल्या आहेत का, भिंतीच्या माथ्यावरच्या आखूड ठोकळ्यांपाशी ओल येते आहे का. गाभ्यापर्यंत गेलेली उभी चीर दिसली तर ती भरू नये. कुसूच्या बाजूनं तिरपी गेलेली चीर दिसली तर मात्र त्याच आठवड्यात सुताराला वर बोलवावं.